ऑक्युपाय वॉल स्ट्रीटचं पुढे काय झालं, आणि आता पुढे काय होऊ शकतं?

निशिगंधा_८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. इथे अमेरिकेत राहिलेले आणि या गोष्टी जवळून बघितलेले काही जण आहेत हे माहितीय म्हणून विचारतेय.

२०११ मध्ये न्यूयॉर्कला ऑक्युपाय वॉल स्ट्रीट झालं तेव्हा मी शाळेत होते. बातम्यांमध्ये ते तंबू आणि 'आम्ही ९९ टक्के' लिहिलेले पुठ्ठे बघितल्याचं पुसट आठवतं, बाबा म्हणाले होते हे लोक बँकांवर चिडलेत, एवढंच. आता चळवळींवर अभ्यास करताना परत तिथे येऊन पोचले आणि जे जे वाचतेय त्यात एकच सूर, की ही चळवळ फसली. १७ सप्टेंबरला झुकोटी पार्कात लोक जमले, १५ नोव्हेंबरला मध्यरात्र उलटल्यावर पोलिसांनी पार्क रिकामं केलं, जेमतेम दोन महिने. नेता नाही, मागण्यांची यादी नाही, निवडणूक लढवली नाही, मग हाताला काय लागलं?

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट मांडताही येत नाहीये. एकीकडे '१ टक्का विरुद्ध ९९ टक्के' ही भाषा त्याआधी रोजच्या बोलण्यात नव्हती, आज ती सगळीकडे आहे. दुसरीकडे आकडे बघितले की जीव गोळा होतो. चळवळ चालू असतानाच, ऑक्टोबर २०११ मध्ये, अमेरिकन संसदेच्याच बजेट ऑफिसचा रिपोर्ट आला होता की १९७९ ते २००७ या काळात वरच्या एक टक्क्याचं कर वजा जाता उत्पन्न २७५ टक्क्यांनी वाढलं आणि तळाच्या वीस टक्क्यांचं १८ टक्क्यांनी. आणि आज तिथल्या फेडरल रिझर्व्हचे आकडे बघाल तर देशातल्या एकूण संपत्तीपैकी साधारण ३० टक्के त्या वरच्या एक टक्क्याकडे आहे, आणि खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे सगळं मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या कारणासाठी लोक फरशीवर झोपले ते कारण जागच्या जागी आहे.

तर विचारायचं असं की खरंच मागण्या नव्हत्या म्हणून ते संपलं का? आणि असं आंदोलन पुन्हा उभं राहायचं असेल तर ते कशा रूपात राहील, पुन्हा तंबू टाकून काही होईल का? ज्यांनी बघितलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, पुस्तकी उत्तरं मी वाचलीयत.

हडसनकाठी

निशिगंधा, मी तेव्हा तिथेच होतो, पार्कापासून चार ब्लॉकवर ऑफिस. एका बँकेच्या प्रोजेक्टवर, एच-१ व्हिसावर. लंचला बाहेर पडलो की पाय तिकडे वळायचे. आधी कुतूहल म्हणून गेलो, मग रोज जायला लागलो, मग संध्याकाळी स्वयंपाकाच्या टेबलामागे भांडी घासायला लागलो. रात्री मात्र कधीच थांबलो नाही. अटक झाली तर व्हिसा गेला ही भीती होती आणि ती काही उगाच नव्हती, १ ऑक्टोबरला ब्रुकलिन ब्रिजवर एका मोर्च्यात सातशेच्या वर लोकांना पकडलं होतं. ही भीती मी मुद्दाम सांगतोय, त्याचा पुढे संबंध आहे.

आधी त्या जागेबद्दल. झुकोटी पार्क सरकारी नाही, एका बिल्डर कंपनीच्या मालकीचं आहे, पण इमारत उंच बांधायची सवलत घेताना जागा लोकांसाठी चोवीस तास उघडी ठेवायची अशी अट त्यात आहे. सरकारी पार्कं रात्री बंद होतात, तिथून पोलिस पहिल्याच रात्री उठवू शकले असते. इथे मालक कोण, हुकूम कुणाचा, यातच त्यांचे दिवस गेले. १४ ऑक्टोबरला 'साफसफाई करायचीय, जागा रिकामी करा' असं सांगितलं तेव्हा पहाटे अंधारात हजारो लोक येऊन उभे राहिले आणि साफसफाई रद्द झाली. त्या दिवशी मला वाटलं होतं की हे आता कुणी हलवू शकत नाही.

लाउडस्पीकरला परवानगी नव्हती म्हणून 'माईक चेक' पद्धत होती. बोलणारा तीन-चार शब्द बोलणार, जवळचे सगळे ते मोठ्यांदा परत म्हणणार, मग त्यांच्या मागचे परत म्हणणार. वेळ खूप जायचा. पण समोरच्याचं म्हणणं पटो न पटो, ते स्वतःच्या तोंडून म्हणावं लागायचं, आणि ते एकदा म्हटलं की माणूस जरा वेगळा ऐकतो हे मी अनुभवलंय. एक साठीच्या बाई होत्या, घर जप्त झालेल्या, त्यांचं सगळं सांगणं शेदोनशे लोकांनी वाक्यावाक्याने परत म्हटलं आणि शेवटी त्यांनाच रडू आवरेना.

आता मागण्यांचं. मागण्या नव्हत्या हे अर्धंच खरं. २९ सप्टेंबरला सभेने एक जाहीरनामा पास केला होता त्यात घरांच्या जप्तीपासून विद्यार्थ्यांच्या कर्जापर्यंत तक्रारींची भली मोठी यादी होती. मागण्यांसाठी वेगळा गट पण होता. पण निर्णय सर्वांच्या एकमताने, निदान नव्वद टक्क्यांनी, आणि सभेला आज जे आले ते सभासद. काल ज्याने दहा तास काम केलं तो आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी आलेला टुरिस्ट, दोघांचा हात सारखा. ऐकायला छान वाटतं. पण ज्याला सकाळी सहाला कामावर जायचंय तो रात्री अकरापर्यंत सभेत बसू शकत नाही, म्हणजे शेवटी निर्णय त्यांच्या हातात जातो ज्यांच्याकडे वेळ आहे. बस ड्रायव्हरांची युनियन सोबत आली होती, नर्सेस आल्या होत्या, ५ ऑक्टोबरचा मोर्चा प्रचंड होता, पण तेच लोक सभेत मला क्वचित दिसले.

मग थंडी. २८ ऑक्टोबरला फायर डिपार्टमेंटने जनरेटर काढून नेले आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. लोकांनी सायकली मारून बॅटऱ्या चार्ज केल्या, लॅपटॉप चालवले. आणि १५ नोव्हेंबरला रात्री एकच्या सुमारास सगळं उचललं, हजारो पुस्तकांची लायब्ररी होती ती कचऱ्याच्या ट्रकात गेली. त्या पुस्तकांपोटी शहराने २०१३ मध्ये ४७ हजार डॉलर भरून दिले, पण तोपर्यंत कोण कुठे गेलं होतं देव जाणे.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. त्या सकाळी मी पार्काबाहेर बॅरिकेडपाशी फोन हातात घेऊन उभा होतो आणि फोन कुणाला करायचा तेच कळेना. दोन महिने ज्यांच्या शेजारी उभं राहून भांडी घासली त्यांची आडनावं मला माहीत नव्हती. कुणाचा नंबर नव्हता. माझं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. जागा हीच आमची यादी होती, जागा गेली आणि यादी गेली. मागण्या असत्या तरी त्या घेऊन दुसऱ्या दिवशी दारात जाणार कोण होतं? म्हणून मला विचारशील तर तो प्रश्न मागण्यांचा नाहीच, सभासदांचा आहे.

विवेक_रा

सहमत नाही. मागण्यांचाच प्रश्न होता. टी पार्टी ही उजव्या लोकांची चळवळ बघा, २००९ मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा वाढवल्या आणि त्यातले कितीतरी टी पार्टीच्या पाठिंब्यावर आले. त्यांना काय हवं होतं ते स्पष्ट होतं, कर नको, ओबामांचा आरोग्य कायदा नको. त्यांच्यामागे पैसेवाले होते हे मान्य, पण नुसत्या पैशाने लोक मतदारसंघाच्या कंटाळवाण्या बैठकांना जाऊन बसत नाहीत. ऑक्युपायवाल्यांना निवडणूक म्हणजे विटाळ वाटायचा. ज्या व्यवस्थेवर राग आहे तिच्या दारातच जायचं नाही म्हटल्यावर ती व्यवस्था थंडी पडायची वाट बघते, आणि तिने तेच केलं.

शरद_पु

विवेकराव, तुमचा राग समजतो पण घाई होतेय. अमेरिकेत हे असं तळ ठोकून बसणं पहिल्यांदा झालेलं नाही आणि दरवेळी पहिल्या वर्षी लोक 'फसलं' असंच म्हणालेत.

१८९४ घ्या. मोठी मंदी, लाखो बेकार. ओहायोतल्या मॅसिलन गावचा जेकब कॉक्सी नावाचा धंदेवाला माणूस बेकारांना घेऊन पायी वॉशिंग्टनला निघाला, मागणी एकच आणि अगदी स्पष्ट, सरकारने रस्ते बांधायची कामं काढावीत आणि बेकारांना मजुरी द्यावी. १ मे ला पाचेकशे लोक पोचले. कॅपिटलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पायऱ्यांवर भाषण करायला गेला तर हिरवळीवर चाललात म्हणून पकडून वीस दिवस तुरुंगात टाकला. झाली फजिती, पेपरांनी हसून घेतलं. पण चाळीसेक वर्षांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डील कार्यक्रमात सरकारने नेमकं तेच केलं, रस्ते, पूल, शाळा, लाखो लोकांना कामं. आणि हा माणूस तोवर जिवंत होता! १९४४ मध्ये, बरोब्बर पन्नास वर्षांनी, नव्वदीत त्याला त्याच पायऱ्यांवर उभं राहून तेच भाषण वाचू दिलं.

दुसरं, १९३२. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना बोनसची प्रमाणपत्रं दिली होती पण पैसे १९४५ ला मिळणार होते. मंदीत घरी चूल पेटेना म्हणून साधारण १७ हजार माजी सैनिक, कित्येक बायकापोरांसकट, वॉशिंग्टनला येऊन झोपड्या बांधून राहिले. इथे तर एकच मागणी, ती पण आधीच कबूल केलेली. राष्ट्राध्यक्ष हूवरने २८ जुलैला लष्कर पाठवलं, जनरल मॅकआर्थर स्वतः हजर, रणगाडे, अश्रुधूर, झोपड्या जाळल्या. म्हणजे मागणी स्पष्ट असली तरी तळ जाळतातच. बोनस मिळाला १९३६ मध्ये, आणि तोही रूझवेल्टचा नकाराधिकार मोडून संसदेने दिला. पुढे १९४४ ला दुसऱ्या युद्धातल्या सैनिकांसाठी शिक्षण-घरकर्जाचा मोठा कायदा झाला त्यामागे हा प्रसंग परत नको ही धास्ती होतीच.

आणि तिसरं १९६८. मार्टिन ल्यूथर किंग यांनी गरिबांच्या मोर्च्याची तयारी केली होती, एप्रिलमध्ये त्यांची हत्या झाली, तरी लोक गेले आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर लाकडी झोपड्यांचं गाव वसवलं. पावसाने चिखल, आत भांडणं, सहा आठवड्यांत पोलिसांनी उठवलं. याचं फळ मात्र आजही मिळालेलं नाही, हे पण सांगायला हवं, नाहीतर मी फक्त गोड गोड उदाहरणं वेचतोय असं होईल.

तर माझा मुद्दा, यातल्या सैनिकांकडे काय होतं जे ६८ च्या गरिबांकडे नव्हतं? हडसनकाठी म्हणतात तेच. प्रत्येक सैनिकाच्या खिशात नाव लिहिलेलं प्रमाणपत्र होतं, माजी सैनिकांच्या संघटना गावोगाव होत्या, झोपडी जळाली तरी तो घरी जाऊन संघटनेच्या बैठकीत बसत होता आणि आपल्या खासदाराला दर महिन्याला पत्र लिहीत होता.

निशिगंधा_८

शरदकाका, कॉक्सीचं मला अजिबात माहीत नव्हतं, नव्वदीत तेच भाषण वाचलं हे वाचून अंगावर काटा आला.

हडसनकाठी, तुम्ही 'यादी' म्हणता ते पटतंय पण एक शंका. यादी केली असती तर ती पोलिसांच्या हातात गेली नसती का? त्या वेळी एफबीआय या चळवळीवर लक्ष ठेवून होती हे नंतर कागदपत्रांतून बाहेर आलंच. तुमच्यासारखे व्हिसावाले तर नाव द्यायलाच घाबरले असते. म्हणजे ज्या मोकळेपणामुळे हजारो लोक आले तोच मोकळेपणा यादीने मारला असता असं नाही का?

हडसनकाठी

अगदी बरोबर शंका आहे, आणि तेव्हा आमच्यात याच शब्दांत वाद व्हायचा. मी तर नाव देणाऱ्यांत शेवटचा असतो. याचं उत्तर मला दहा वर्षांनी मिळालं, तेही त्याच भागात, पार्कापासून चालत दहा मिनिटांवर, सिटी हॉलच्या बाहेर.

२०२१ मधली टॅक्सीवाल्यांची गोष्ट कितीजणांना माहितीय ते माहीत नाही. न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी चालवायला मेडॅलियन नावाचा परवाना लागतो. २०१४ च्या सुमारास त्याचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे फुगवला गेला होता, आणि शहर स्वतः लिलाव करून त्यावर पैसे कमवत होतं. ड्रायव्हरांनी, त्यात आपल्या उपखंडातले कितीतरी, आयुष्यभराचं कर्ज काढून ते घेतले. मग अ‍ॅपवाल्या गाड्या आल्या आणि भाव कोसळला, पण कर्ज जिथल्या तिथे. २०१८ मध्ये काही ड्रायव्हरांनी जीव दिला. तर त्यांची युनियन, टॅक्सी वर्कर्स अलायन्स, सिटी हॉलसमोर येऊन बसली. दीड महिना रात्रंदिवस. शेवटचे पंधरा दिवस उपोषण. साठी-सत्तरीतले लोक खुर्च्या टाकून, पांघरुणं घेऊन बसलेले, समोर टॅक्सींची रांग.

मी तेव्हा नोकरी बदलून, ग्रीन कार्ड होऊन, बिनधास्त रात्री थांबू शकत होतो. आणि फरक बघून गप्प झालो. तिथे पण तंबू होता, तिथे पण डाळभाताची पातेली येत होती, तिथे पण रात्री गाणी होती, फोटोत बघाल तर झुकोटीचंच धाकटं भावंड. पण युनियनच्या ऑफिसात प्रत्येक ड्रायव्हरचं नाव, कर्ज किती, कुणाकडून, हप्ता किती, हे लिहिलेलं होतं. कोण उपोषणाला बसणार, कोण गाडी चालवून घर चालवणार, पाळ्या लावलेल्या. त्यामुळे अधिकारी बोलायला आले तेव्हा यांच्याकडे आकडा तयार होता. ३ नोव्हेंबरला करार झाला. कर्ज १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आणायचं, त्याला शहराची हमी, हप्ता महिन्याला जास्तीत जास्त १,१२२ डॉलर. पाच-सहा लाखांच्या ओझ्याखाली असलेली म्हातारी माणसं फूटपाथवर नाचत होती. मी पण नाचलो.

तर निशिगंधा, लोक नाव द्यायला घाबरतात ते भीतीपोटीच, पण नाव दिल्यावर आपल्यामागे कोण उभं राहणार हे दिसलं की देतात. त्या ड्रायव्हरांत कितीतरी परदेशातून आलेले होते, माझ्यापेक्षा त्यांचं जास्त पणाला लागलं होतं. झुकोटीत मला अटक झाली असती तर माझा वकील कोण, माझ्या घरचं भाडं कोण भरणार, हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी रात्री घरी जायचो.

मृण्मयी_जो

इथे कर्जाचा विषय निघालाच आहे तर मला बोलायलाच हवं. मी अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या बिलिंग डिपार्टमेंटमध्ये सात वर्षं काम केलंय, आणि ऑक्युपायमधून जे सगळ्यात टिकाऊ निघालं ते माझ्या मते कर्जाचंच काम, त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं म्हणून जरा लांबण लावते.

तिकडे बिल थकलं की काय होतं ते आधी सांगते. काही महिने आम्ही पत्रं पाठवतो, फोन करतो, मग ते थकलेलं बिल वसुलीवाल्यांना विकलं जातं. आणि विकलं जातं म्हणजे कवडीमोलाने, शंभर डॉलरचं बिल चार-पाच डॉलरला, जुनं झालेलं असेल तर काही सेंटला. पेशंटला मात्र पूर्ण शंभर मागतात. मी स्वतः अशा याद्या एक्सेलमध्ये बनवून पाठवल्या आहेत, नाव, पत्ता, रक्कम. एका ओळीत एक माणूस. तेव्हा काम म्हणून केलं, आता त्या ओळी आठवतात.

ऑक्युपायमधल्या काही लोकांनी, 'स्ट्राइक डेट' नावाचा गट होता, विचार केला की वसुलीवाला विकत घेऊ शकतो तर आपणही घेऊ, आणि घेऊन फाडून टाकू. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'रोलिंग ज्युबिली' सुरू केलं. वर्गणीतून सात लाख डॉलर जमले आणि त्यात जवळपास ३ कोटी २० लाख डॉलरची कर्जं विकत घेऊन माफ केली. लोकांना घरी पत्र यायचं की तुमचं हे बिल आता कुणीही मागणार नाही. ज्यांनी असली पत्रं लिहिली असतील त्यांचा मला हेवा वाटतो.

हीच पद्धत नंतर पसरली, या कामात मदत केलेल्या दोन माजी वसुलीवाल्यांनीच वेगळी संस्था काढली, आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क शहराने स्वतः जाहीर केलं की १ कोटी ८० लाख डॉलर घालून दोन अब्जांहून जास्त वैद्यकीय कर्ज माफ करवणार. झुकोटीतून ज्या शहराने लोकांना उठवलं तेच शहर.

पण मी इथे थांबले तर खोटं होईल. २०२४ मध्येच अर्थशास्त्रज्ञांचा एक मोठा अभ्यास आला, ८३ हजारांवर लोकांचं वैद्यकीय कर्ज माफ करून बघितलं, आणि सरासरीने त्यांच्या पैशाच्या स्थितीत किंवा मनःस्थितीत काही सुधारणा दिसली नाही. वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. बिल त्या भावात विकायला येईपर्यंत जे व्हायचं नुकसान ते होऊन गेलेलं असतं, आणि पुढचं बिल येतच असतं. त्या गटाला हे त्या अभ्यासाच्या खूप आधी कळलं होतं. ते कधीच म्हणाले नाहीत की कर्ज विकत घेत राहणं हा उपाय आहे. त्यांनी नंतर कर्जदारांची युनियन काढली, डेट कलेक्टिव्ह. हिशोब असा की एकटा माणूस हप्ता भरू शकला नाही तर तो बुडवा, पण हजार जण ठरवून एकत्र 'भरणार नाही' म्हणाले तर तो संप.

कोरिंथियन नावाची खाजगी कॉलेजांची मोठी साखळी होती, खोटी आश्वासनं देऊन मुलांना सरकारी कर्जं काढायला लावायची. २०१५ मध्ये ती बुडाली. तिथल्या फक्त १५ विद्यार्थ्यांनी नावानिशी जाहीर केलं की आम्ही कर्ज फेडणार नाही. पंधरा! त्यानंतर सात वर्षं अर्ज, खटले, नियमांचा काथ्याकूट, आणि जून २०२२ मध्ये सरकारने तिथल्या ५ लाख ६० हजार लोकांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. सगळ्यांसाठीच्या बायडन यांच्या कर्जमाफीवर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पाणी ओतलं हे खरं, पण कोरिंथियनचं ते रद्द झालं ते झालं.

हडसनकाठी दादा, तुमची वहीची गोष्ट वाचताना मला माझ्या एक्सेलच्या ओळी आठवत होत्या. बँकांकडे आणि वसुलीवाल्यांकडे आपली यादी आधीपासून आहे. फक्त त्या यादीतल्या लोकांना एकमेकांची नावं माहीत नाहीत. मला वाटतं पुढची चळवळ तिथून निघेल, ज्यांचा घरमालक एकच आहे त्यांच्यातून, ज्यांचा सावकार एकच आहे त्यांच्यातून.

विवेक_रा

मृण्मयीताई, कोरिंथियनचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो ना, कर्ज रद्द करणारी सही शेवटी सरकारी होती. किमान वेतनाचंही तेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधले शेदोनशे फास्टफूड कामगार १५ डॉलर मागत संपावर गेले तेव्हा तिथे ७.२५ मिळत होते, लोक वेड्यात काढत होते. २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने १५ चा कायदा केला. पण देशपातळीवर ७.२५ च आहे, २००९ पासून एक सेंट वाढला नाही, कारण वॉशिंग्टनमध्ये मतं नाहीत. आणि जिथे निवडणुकीत उतरले तिथे फरक पडलाच, बर्नी सँडर्स २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर लढले आणि १ कोटी ३० लाखांवर मतं घेतली, स्पेनमध्ये चौकात बसलेल्या पोरांमधूनच २०१४ ला पोदेमोस पक्ष निघाला. न्यूयॉर्कमध्ये २०२५ ला ममदानी महापौर म्हणून निवडून आले, तेच जे आमदार असताना त्या टॅक्सीवाल्यांसोबत उपोषणाला बसले होते. मग तंबूपेक्षा मतपेटी बरी असं का म्हणू नये?

शरद_पु

म्हणा की, पण पोदेमोसची पुढची गोष्टही सांगा. २०१५ च्या शेवटी ६९ जागा, आणि २०२३ च्या निवडणुकीत मोजून पाच. मधल्या काळात चौकातले, मोहल्ल्यातले कार्यकर्ते पक्षात ओढले गेले आणि मोहल्ले ओस पडले. उलट बार्सिलोनात घर-जप्तीविरोधी जी संघटना होती, जिच्यातून आदा कोलाऊ महापौर झाल्या, ती त्या निवडून यायच्या आधीही होती आणि त्या गेल्यावरही आहे, आजही जप्ती थांबवायला दारात उभी राहते. सही सरकारची असते हे कबूल. पण सही करणाऱ्याचा हात दुसरीकडूनही ओढला जातो, आणि त्या वेळी बाहेर कुणी उभं नसेल तर चांगला माणूसही काही करू शकत नाही.

निशिगंधा_८

मला वाटलं नव्हतं एवढं मिळेल. माझा प्रश्नच बदललाय आता. मी 'मागण्या होत्या का' हे शोधत होते, आता प्रत्येक ठिकाणी 'वही कुणाकडे होती' हे बघणार आहे, आणि ६८ च्या त्या गावाबद्दल पण.

मृण्मयीताई, 'घरमालक एकच' म्हणालात ते न्यूयॉर्कमध्ये आत्ता कुठे बघता येईल? म्हणजे मला लांबून का होईना एखादी चालू गोष्ट वर्षभर फॉलो करायचीय.

मृण्मयी_जो

हो, आहे ना. न्यूयॉर्कमध्ये साधारण दहा लाख घरं अशी आहेत ज्यांचं भाडं दरवर्षी किती वाढवायचं हे एक बोर्ड ठरवतं, रेंट गाइडलाइन्स बोर्ड. नऊ जण, सगळे महापौरांनी नेमलेले, दोन भाडेकरूंचे, दोन मालकांचे, पाच सर्वसाधारण लोकांचे म्हणून. २०१३ मध्ये डी ब्लासिओ 'दोन शहरांची गोष्ट' म्हणत महापौर म्हणून निवडून आले, त्या प्रचारात ऑक्युपायची भाषा स्वच्छ ऐकू यायची, आणि त्यांच्या काळात २०१५ ला या बोर्डाने इतिहासात पहिल्यांदा एक वर्षाच्या करारांवर शून्य वाढ केली. ममदानींचं मुख्य आश्वासनही भाडं गोठवण्याचंच.

बोर्डाचं प्राथमिक मतदान साधारण मे महिन्यात होतं, मधे वेगवेगळ्या भागांत जाहीर सुनावण्या होतात, आणि शेवटचं मतदान जूनमध्ये. मतदानाचा व्हिडिओ बघता येतो. माझी एक मैत्रीण ब्रॉन्क्समध्ये राहते, तिच्या इमारतीतल्या बायका सुनावणीला जायच्या आधी जिन्यात बसून कुणाच्या घरात गरम पाणी नाही, कुणाच्या छतातून गळतं, हे मजल्यानुसार लिहून काढतात. तू मतदानाकडे बघशीलच पण त्याआधी सुनावणीत बोलायला कोण उठतं ते बघ, एकटी उठते की मागे दहाजणी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून उभ्या राहतात. आणि मालकांच्या बाजूनेही बघ, लहान मालक येतात, त्यांचंही ऐक, त्यांच्यातले काही खरंच अडचणीत असतात.

मैत्रिणीशी बोलायचं असेल तर मी तिला विचारून ठेवते.